चिंचेचा खुंट

माय म्हणाली, संडास तिथंच पाहिजे,
न्हाणीच्या बाजूला, दारापासून चार पावलांवर.
रात्री नाल्याकडे जाणं तिच्या गुडघ्यांनी
केव्हाच सोडलं होतं.
आणि तिथं नेमका खुंट.

झाड नव्हतंच. तारांना लागते म्हणून
लाइनमननं चिंच कापली, त्याला अकरा वर्षं झाली.
फांद्या ट्रॅक्टरमध्ये गेल्या.
हा कमरेइतका ठेवला, म्हणाले,
वाळून जाईल आपोआप.

वाळला नाही.
दर उन्हाळ्यात बाजूनं तांबूस कोंब,
शेळी खायची, पुन्हा कोंब.
मी त्याच्यावर बसून लसींच्या तारखा लिहिल्या,
गावातल्या सगळ्या पोरांच्या.
सासर सोडून आले त्या संध्याकाळी
पेटी त्याच्यावरच टेकवली होती.
आत न्यायला तीन दिवस लागले.

कोणी म्हणालं, मीठ भरा.
गिरमिटानं भोकं पाडून पाच किलो खडेमीठ भरलं,
तर आखरावरची गुरं चाटायला यायला लागली.
कोणी म्हणालं, जाळा.
गोवऱ्या रचल्या. चार दिवस धुपला,
एका अंगानं काळा झाला, आतून तसाच.
निळूदादानं बुटीबोरीतून फोनवर जेसीबी ठरवला.
तो बोळीत अडकला, शेजाऱ्याची वळचण पाडली,
पाचशे रुपये घेऊन उलटा गेला.

मग झिबल आला.
सब्बल, टिकास, दोन कुऱ्हाडी, खर्र्याची पुडी.
खुंटाभोवती दोनदा फिरला, टाचेनं ठोकून पाहिलं.
"याले वरून काही होत नाही, ताई.
खालून उपाशी मारा लागते."

दोन दिवस नुसती माती.
मग मांडीएवढी मुळं, कापली की आत ओली,
अकरा वर्षं एक धड फांदी नसून.
एक घराखाली गेलेलं, सरळ चुलीच्या रोखानं.
ते त्यानं भिंतीपाशीच तोडलं.
"आतलं राहू द्या. हे ओढलं तं घर मागं येईन."

तिसऱ्या दिवशी माय दारातून बोलली:
"तुई वार तेथंच पुरली व्हती दाईनं.
निळूची त्या आंगाले."
झिबलचा टिकास वरच थांबला.
"मंग का करू?"
"का करतं? खन. तेथं का असनं आता."
तरी मी वाकून पाहिलं.
एक गोटी, दुधाच्या बरणीचं झाकण,
हिरव्या बांगडीचा तुकडा, आणि माती.
माझं जे काही होतं
ते चिंचेनं कधीच पिऊन टाकलं असणार.
वय त्रेचाळीस, आणि आंबट मला अजून सोसत नाही.

निघताना आवाज केला नाही त्यानं.
बसलेली म्हैस कलंडावी तसा कलंडला.

राळेगावचा अजीजभाई छोटा हत्ती घेऊन आला,
नखानं साल खरवडली, वास घेतला.
"चिंचच लागते. दुसऱ्या लाकडाचा भुगा मटणात येतो."
बाराशे दिले.
झिबलची मजुरी जाऊन दोनशे उरले,
ते मायनं पदराला बांधले.

आता तिथं निळं पत्र्याचं दार आहे.
माय रात्री उठते, टॉर्च लावत नाही.
तिसऱ्या पावलाला जराशी वळते,
वळायला काही नसून.

दिवाळीनंतरच्या बाजारात
मी अर्धा किलो घ्यायला उभी राहिले
आणि ठोकळा ओळखू आला.
एका कडेनं आमच्या गोवऱ्यांचा काळा,
एका भोकात अजून मिठाची पांढरी रेघ,
मधोमध सुऱ्यानं खोलगट होत चाललेला.
"बारीक करू?" अजीजभाईनं विचारलं.
"नाही, मोठेच राहू द्या," म्हटलं
आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.